धुक्यातले नऊ चेंडू

"डोकं उचललंस," बाबा म्हणाले.

चेंडू माझ्यापासून जेमतेम दहा पावलांवर, वाळक्या गवतात जाऊन बसला होता. बाबा माझ्याकडे पाहतही नव्हते. हात मागे बांधून, मान थोडी खाली घालून उभे होते, देवळात आरती ऐकताना उभे राहतात तसे.

"तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर तिकडे तोंड करून उभे आहात."

"अठ्ठावीस वर्षं लोकांच्या बॅगा उचलल्या, पोरी. बॉलच्या टकुऱ्यावर बसली ना स्टिक, की 'टिक' होते. पोटात बसली की 'टक'. तू टिक केलं. पुन्हा मार."

डिसेंबर २०२० मधली ही गोष्ट. बाबा, म्हणजे शालिक नेवारे, नागपूरच्या एका गोल्फ क्लबमध्ये कॅडी होते. खेळणाऱ्याची बॅग उचलायची, त्याचा चेंडू कुठे पडला ते पाहून शोधून द्यायचा, पुढचा टोला किती लांब हवा ते सांगायचं, हे कॅडीचं काम. मार्चमध्ये क्लब बंद झाला. ऑगस्टमध्ये उघडला तो फक्त मेंबरांसाठी, कॅडींना गेटच्या आत मनाई. मी तेव्हा पुण्याच्या होस्टेलमध्ये अडकले होते. भौतिकशास्त्रातलं एम.एस्सी. कसंबसं ऑनलाइन संपवून दिवाळीच्या दोन दिवस आधी घरी आले. पुढे पीएच.डी.साठी बंगळुरूला जायचं होतं, एक फेब्रुवारीला हजर व्हायचं होतं.

दारात पाऊल टाकलं आणि आईने किंकाळी फोडली. कंबरेपर्यंतची वेणी मी होस्टेलमध्येच कापून घेतली होती. मैत्रिणीने, भाजीच्या कात्रीने.

"अहो, पाहा तुमच्या पोरीनं काय करून घेतलं! मानेच्या वर आले केस! कोंबडीसारखी दिसून राहिली!"

बाबा पलंगावर बसून रेडिओ ऐकत होते. त्यांनी मान वर केली, हसले आणि म्हणाले, "शोभून दिसतात तिला."

मला इतकं बरं वाटलं की मी आईला जीभ काढून दाखवली. चोवीस वर्षांची होते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाबांच्या फोनवर क्लबचा मेसेज आला. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "चष्मा कुठं ठेवला कोणास ठाऊक. वाच बरं."

मी वाचलं. कॅडींना जानेवारीपासून परत घेणार होते, पण सोळा जुन्या लोकांपैकी आठच. अकरा जानेवारीला, सोमवारी, गोल्फचं मैदान बंद असतं त्या दिवशी, प्रत्येकाची चाचणी. कॅडी मास्टर, म्हणजे कॅडींवर देखरेख करणारे ठवकर, पंधरा चेंडू मारणार, कॅडीने दहा पावलं लांब उभं राहून चेंडू कुठे पडला ते सांगायचं आणि शोधून आणायचा. पंधरापैकी बारा सापडले तर नाव यादीत.

"बारा म्हणजे काहीच नाही," मी म्हटलं. "तुम्ही तर तळ्याकाठच्या गवतातून काढता."

"नऊ महिने झाले, सवय गेली," बाबा म्हणाले. मग फोन परत घेत, "तू मारशील का बॉल? सकाळी सकाळी. मी सांगतो कुठं पडला ते."

असं ते सुरू झालं. आमच्या लेआउटच्या, म्हणजे वस्तीच्या, मागे सात-आठ प्लॉट रिकामे होते. लॉकडाऊनपासून बांधकाम थांबलेलं, एका टोकाला अर्धवट भिंत, तिच्याजवळ एक बाभूळ, मध्ये नुसतं गवत. बाबांकडे एका मेंबरने दिलेली जुनी सात नंबरची स्टिक होती आणि तळ्यातून काढलेले नऊ पिवळट चेंडू. रोज सकाळी साडेसहाला आम्ही निघायचो. मी स्वेटर, स्कार्फ, मास्क अशी गुंडाळून. बाबा मात्र प्लॉटवर पोहोचले की चपला काढायचे.

"पाय गारठतील, बाबा."

"दव लागलं की बरं वाटते."

मला स्टिक धरायलाही येत नव्हती. बाबांनी माझी बोटं एकेक करून दांड्यावर बसवली, खांदे धरून वळवले, कंबरेला हात लावून म्हणाले, "हे वळलं पाहिजे. नुसते हात नाही. धुणं आपटून नाही राहिली तू." हळूहळू 'टिक' कमी होऊन 'टक' वाढू लागलं. चेंडू साठ-सत्तर पावलं जाऊ लागला. टोला मारला की बाबा क्षणभर थांबून सांगायचे, "पासष्ट. बाभळीच्या उजवीकडे चार हात." मी पावलं मोजत जायचे, तर चेंडू चौसष्टाव्या किंवा सहासष्टाव्या पावलावर असायचा.

मोजायला काही मिळालं की मला राहवत नाही. दुसऱ्याच दिवशी मी एक वही केली. तारीख, वेळ, बाबांचा अंदाज, खरं अंतर, फरक. पाच पावलांच्या आत असेल तर बरोबरची खूण. बाबा हसायचे, "डॉक्टर होऊन राहिली माझी पोरगी, आणि अभ्यास कशाचा, तर बापाचा."

आईला मात्र ही भानगड आवडायची नाही. "जायच्या आधी चार पदार्थ शिकून घे म्हणते, तर ही गेली गवतात." पण आम्ही परत आलो की गरम पाणी तयार असायचं. जेवायला बसलो की ती वाढताना बोलत राहायची, "वांग्याचं भरीत डावीकडे, भाकर समोर, ठेचा उजव्या अंगाला आहे, सांभाळा." नऊ महिने घरात दोघंच दोघं राहून तिला मोठ्याने बोलायची सवय लागली असेल, असं मी धरून चालले.

दहा-बारा दिवसांत वहीत एक गोष्ट दिसू लागली. बाबांचे बहुतेक अंदाज बरोबर यायचे, पण रोज दोन-तीन चेंडू साफ चुकायचे. थोडेथोडके नाही, वीस-पंचवीस पावलांनी. कधी तर दिशाच उलटी. आणि हे चेंडू सलग असायचे. मी वेळा पाहिल्या. सगळ्या चुका सात वाजून दहा मिनिटांनंतर.

मी आनंदाने उडालेच. "बाबा, सापडलं! सात-दहाला सूर्य त्या भिंतीच्या वर येतो. ऊन सरळ तुमच्या डोळ्यांवर पडतं, म्हणून चेंडू दिसत नाही!"

बाबांनी मान हलवली. "हो. ऊनच असेल."

"मग आपण संध्याकाळी येऊ. ऊन पाठीमागे राहील."

संध्याकाळी चार दिवस खेळलो. एकही मोठी चूक नाही. मी वहीत लाल शाईने लिहिलं, 'कारण सिद्ध.' आणि चाचणीला उन्हाची टोपी घालून जायचं असं बाबांना बजावलं. ते बरं म्हणाले. पाचव्या दिवसापासून आईला संध्याकाळी मदत हवी होती, म्हणून आम्ही पुन्हा सकाळवर आलो.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी दार उघडलं तर समोर काहीच नव्हतं. पायरीपुढची तुळशीची कुंडी दिसत होती, त्यापुढे नुसता पांढरा पडदा. नागपूरला इतकं धुकं मी कधी पाहिलं नव्हतं. समोरचं घर, विजेचा खांब, सगळं गायब.

बाबा माझ्यामागे येऊन उभे राहिले, हातात स्टिक.

"आज नको, बाबा."

"काहून?"

मी हसणार होते. मला वाटलं ते थट्टा करताहेत. वळून पाहिलं तर ते थेट धुक्याकडे तोंड करून उभे होते, भुवया उंचावून, माझ्या उत्तराची वाट पाहत.

"काहून नको? बरं नाही का तुला?"

मी स्कार्फ नाकावर ओढला. मग मी म्हटलं, "थंडी आहे जरा."

"थंडीच तर आहे. चल."

प्लॉटवर मला वीस पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. टोला मारला की चेंडू धुक्यात शिरायचा आणि संपायचा. मी नऊ चेंडू मारले. प्रत्येक टोल्यानंतर बाबा मान खाली घालून थांबायचे, दूरवर घट्ट मातीवर बारीकसा आवाज व्हायचा, आणि ते सांगायचे. "सत्तर. सरळ." "अठ्ठावन्न, डावीकडे गेला, विटांच्या ढिगाजवळ." मी पावलं मोजत धुक्यात जायचे आणि वाकायचे. प्रत्येक चेंडू होता. नऊच्या नऊ.

नवव्या चेंडूपाशी मी उकिडवी बसून राहिले. तेवढ्यात रस्त्यावरून घंटागाडी आली, रोजच्यासारखी, कर्ण्यावर ओला कचरा सुका कचरा असं गाणं वाजवत. घड्याळ पाहिलं. सात वाजून अकरा मिनिटं.

सात-दहा. ऊन नव्हतंच कधी. संध्याकाळी घंटागाडी येत नाही, एवढंच मी सिद्ध केलं होतं.

आई मागच्या पडवीत तुरीच्या शेंगा सोलत होती. मी तिच्यासमोर बसले आणि एक मूठ शेंगा उचलल्या. बाबा आत रेडिओ लावत होते.

"कधीपासून?" मी हळूच विचारलं.

तिचे हात थांबले नाहीत. "काय कधीपासून?"

"आई."

तिने आत पाहिलं, मग माझ्याकडे. "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. एप्रिलची तारीख भेटली होती ऑपरेशनची. दवाखाना सगळा करोनाचा करून टाकला. मग सप्टेंबरची दिली, तीही गेली. तोवर पार पिकला. आता उजेड दिसते, माणूस उभा आहे एवढं दिसते. तोंड नाही दिसत."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतं?"

मी हातातली शेंग तशीच परत टाकली.

"तेच," आई म्हणाली. "तू गेली नसतीस बंगळुरूला. म्हणून त्यांनी मला शपथ घातली. आता तुला कळलं ते त्यांना कळू देऊ नको. त्यांना वाटू दे जमून राहिलं म्हणून." तिने एक शेंग दोनदा सोलली, रिकामी असूनही. "आणि कामावरून काढलं ना, तर माणूस उभ्या उभ्या वाळून जाईल. त्याला दुसरं येतेच काय?"

पुढचे दोन आठवडे आम्ही रोज गेलो. मी काहीच माहीत नसल्यासारखी वही लिहीत राहिले. फक्त सात वाजून आठ मिनिटांनी बुटाची नाडी सुटायची किंवा शिंका यायच्या आणि घंटागाडी जाईपर्यंत मी टोला मारत नसे. बाबांच्या चुका जवळजवळ संपल्या. "टोपीनं फरक पडला," ते म्हणाले. मी म्हटलं, "मग! सांगत होते ना."

अकरा जानेवारीला मी बाबांना स्कुटीवर मागे बसवून क्लबवर गेले. सोबत आईने दिलेला चहाचा थर्मास. गेटवर कपाळाला बंदूक लावून ताप मोजला आणि आत सोडलं. ठवकर साहेब जाडजूड, मास्क हनुवटीवर आणलेला. "या शालिकभाऊ, या. ही बंगळुरूवाली का? शास्त्रज्ञ?"

"अजून नाही, काका."

"होशील, होशील. बस तिकडे कडुलिंबाखाली. मध्ये बोलायचं नाही हं."

बाबांचा नंबर आला तेव्हा साडेनऊ झाले होते. त्यांनी चपला काढल्या. ठवकरांनी पहिला चेंडू मारला, बाबांनी जागा सांगितली, चालत गेले, गवतातून पाय ओढत थांबले आणि वाकून चेंडू उचलला. एक.

आणि तेवढ्यात शेजारच्या पट्ट्यात गवत कापायचा ट्रॅक्टर सुरू झाला.

दुसरा चेंडू. बाबांनी मान खाली घातली, वाट पाहिली आणि एक आकडा सांगितला. तो अंदाज नव्हता, नुसता आकडा होता. चेंडू नेमका दुसऱ्या बाजूला होता. तिसरा गेला. चौथाही गेला. ठवकरांच्या कागदावर तीन फुल्या. आता उरलेले अकराच्या अकरा सापडायला हवे होते. बाबांची बोटं शर्टाच्या खालच्या बटणाशी चाळा करत होती. मी त्यांना असं करताना कधीच पाहिलं नव्हतं.

मी उठले आणि थर्मास घेऊन ट्रॅक्टरकडे पळाले.

"काका, चहा घ्या ना!" मी ओरडले.

"आँ?"

"चहा! आल्याचा आहे! बंद करा ना दोन मिनिटं, हातावर सांडेल!"

"साहेब बोंबलतील ना, बाई!"

"मी सांगते त्यांना! गरम आहे तोवर घ्या!"

त्याने किल्ली फिरवली. इतकी शांतता पडली की तळ्यावरची टिटवी ऐकू आली. मी थर्मासच्या झाकणात चहा ओतला. तो खरंच सांडला.

पाचवा चेंडू. "ऐंशी, वाळूच्या खड्ड्याच्या अलीकडे." सापडला. सहावा. सातवा. मग ठवकरांनी आठवा चेंडू ठेवला आणि बाबांनी हात वर केला.

"एक मिनिट, ठवकर साहेब. ट्रॅक्टर कोणी बंद केला?"

"तुमची पोरगी चहा पाजून राहिली त्याला. का?"

बाबांनी माझ्या दिशेने तोंड वळवलं. नेमकं माझ्याकडे नाही, थोडं डावीकडे. मी ट्रॅक्टरच्या चाकाशी उभी होते, तरी मला वाटलं की त्यांनी मला पकडलं.  मग मास्क खाली करून म्हणाले, "मला दिसत नाही, साहेब."

"काय?"

"बॉल दिसत नाही. तुम्हीही दिसत नाही. मोतीबिंदू आहे. मी आवाजावर सांगून राहिलो."

ठवकर स्टिकवर रेलले. "मग हे आत्ता काहून सांगता? तीन लागोपाठ बरोबर आले तुमचे."

"लपवायचं होतं ते पोरीपासून. तिलाच समजलं असेल, तर तुमच्यापासून लपवून काय करू?"

मी थर्मास गवतावर ठेवला. ट्रॅक्टरवाला काका माझ्याकडे पाहत होता, झाकण तोंडाशी तसंच.

"कधीपासून आहे हे?" ठवकरांनी विचारलं.

"मागच्या होळीपासून जास्त झालं. त्याआधी अर्धं दिसायचं."

"म्हणजे गेल्या जानेवारीत माझी बॅग उचलली, तेव्हाही तुम्ही असेच...?"

"तुमचा बॉल तर तळ्यातच जातो, साहेब. त्याला काय पाहायचं?"

ठवकर असे हसले की त्यांना खोकला आला, आणि खोकला आला म्हणून आजूबाजूचे कॅडी दोन पावलं मागे सरले. मग ते शांत झाले. "आठ बॉल बाकी आहेत."

"राहू द्या."

"राहू कसे द्या? मला पाहू तर द्या हे काय आहे. ए, ट्रॅक्टर बंदच ठेव!"

उरलेल्या आठांपैकी सात बाबांनी काढून दिले. शेवटून दुसरा मऊ गवतात पडला, आवाजच झाला नाही. ठवकरांनी बेरीज केली, पुन्हा केली.

"अकरा, शालिकभाऊ. बारा पाहिजे होते."

"बरोबर आहे."

"यादीत नाव टाकता येत नाही मला."

"नका टाकू. नियम सगळ्यांना एकच."

ठवकरांनी कागदाची घडी केली आणि पुन्हा उलगडली. "यादीत सात नावं लिहितो. आठवी ओळ कोरी. डोळे करून या, परत पंधरा मारतो." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "ट्रॅक्टर चालू ठेवून मारीन हं, शास्त्रज्ञ."

परत जाताना बाबा स्कुटीवर मागे बसले होते. सिग्नलला थांबलो तेव्हा मागून विचारलं, "केव्हा कळलं तुला?"

"धुक्याच्या दिवशी."

"कोणत्या धुक्याच्या?"

मी हसू लागले, आणि मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "म्हणजे त्या शिंका..."

"हो."

"मला वाटलं सर्दी झाली. तुझ्या आईला काढा करायला सांगितला होता मी." सिग्नल सुटला. "एक तारखेला जाशील ना?"

"ऑपरेशन झाल्यावर."

"आणि नाही भेटली तारीख तर?"

"भेटेल."

दवाखान्यात ऑपरेशनं नुकतीच पुन्हा सुरू झाली होती. मी सलग चार दिवस सकाळी सहाला रांगेत उभी राहिले आणि बावीस जानेवारीची तारीख मिळाली, उजव्या डोळ्याची. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा वॉर्डात आम्ही सगळे मास्क लावून, मी वर स्कार्फही बांधलेला. बाबांनी खिडकी पाहिली, नर्सचे डोळे पाहिले, आईचे डोळे पाहिले. माझे पाहिले. सगळ्यांना एकच म्हणाले, "किती उजेड आहे इथं."

घरी आल्यावर आईने त्यांना खुर्चीत बसवलं आणि पाणी आणायला गेली. जाताना सवयीने म्हणाली, "पेला उजव्या हाताला ठेवते हं." मग दारातच थांबली आणि आत गेली.

मी मास्क काढला. स्कार्फ सोडून खुंटीवर टाकला, आखूड केस मोकळे झाले.

बाबा एका डोळ्याने माझ्याकडे पाहत होते. कपाळ, मान, पुन्हा कपाळ. पंधरा महिन्यांपूर्वी, त्याच्या आदल्या वर्षीच्या दिवाळीत, त्यांनी मला पाहिलं होतं, त्यानंतर आत्ता. मी हलले नाही. त्यांचा डोळा भरून आला होता, औषधाने किंवा कशाने, आणि डॉक्टरांनी तो पुसायला मनाई केली होती.

"तुझी आई खरं बोलत होती," ते शेवटी म्हणाले. "अजिबात शोभत नाहीत."